घरातली जुनी म्युझिक सिस्टीम: थोडक्या खर्चात सुधारण्याचा क्रम

पंचवटीतला वाडा सोडून आम्ही इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा वडिलांनी १९८६ साली घेतलेली म्युझिक सिस्टीमही सोबत आली. तोच ॲम्प्लिफायर, तेच दोन लाकडी स्पीकर, तोच टेपडेक आणि त्याच तबकड्या. नव्या घरात मात्र पहिल्याच संध्याकाळी तंबोरा पत्र्यासारखा वाजू लागला आणि डग्ग्याचा घुमारा जाऊन त्याच्या जागी एकाच स्वरावर अडकलेली गुरगुर ऐकू येऊ लागली. सिस्टीम आता म्हातारी झाली, असे घरात सर्वांचे मत पडले आणि नवा ॲम्प्लिफायर घेण्याची बोलणी सुरू झाली. तो घेतला असता तर पैसे वाया गेले असते, कारण दोष दोन ठिकाणी होता आणि त्यांत ॲम्प्लिफायर नव्हता. एका वूफरच्या, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, कडेचा फोम गळून पडला होता. आणि वाड्यातले लाकडी माळवद, ओबडधोबड भिंती व जाजम जाऊन आता भोवती गुळगुळीत प्लॅस्टर आणि चकचकीत टाइल्स आल्या होत्या.

म्हणून या लेखात मी खर्चाचा जो क्रम सुचवणार आहे, तो दुकानात सांगितला जातो त्याच्या नेमका उलटा आहे. आधी ऐकून दोष शोधावा, मग स्पीकर दुरुस्त करावेत, मग खोली लावावी, त्यानंतर ॲम्प्लिफायर तपासून घ्यावा आणि नव्या वस्तूंची खरेदी सर्वांत शेवटी करावी. हाताशी पंधरा हजार रुपये आहेत असे धरून चालतो, कारण मध्यमवर्गीय घरात या छंदासाठी एका वेळी काढता येणारी रक्कम साधारण तेवढीच असते.

दोष शोधण्यासाठी एक निवांत सकाळ राखून ठेवा आणि कागद-पेन घेऊन नेहमीच्या खुर्चीत बसा. तीन आवाज पुरेसे आहेत. पहिला तंबोऱ्याचा: जवारीची गुंजन सलग आणि दोन्ही स्पीकरच्या मधोमध ऐकू आली पाहिजे. दुसरा डग्ग्याचा: मनगट दाबून काढलेली मींड खालून वर सरकताना तिचा प्रत्येक टप्पा जवळजवळ सारख्या जोराने ऐकू आला पाहिजे, मधलाच एखादा स्वर फुगता कामा नये. तिसरा बोलणाऱ्या माणसाचा, म्हणजे आकाशवाणीवरच्या वृत्तनिवेदकाचा. माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकत आलेलो असल्यामुळे त्यातली खोट कानाला लगेच कळते. ‘स’ आणि ‘श’ जर शिट्टीसारखे टोचत असतील, तर ट्वीटरकडे (वरचे स्वर वाजवणारा छोटा स्पीकर) किंवा समोरच्या उघड्या भिंतीकडे संशयाने पाहावे.

एका बाजूला बिघाड असेल तर तो कोठे आहे हे ठरवण्याची बिनखर्चाची युक्ती अशी: वीज बंद करून ॲम्प्लिफायरच्या मागच्या डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करा. दोष त्याच स्पीकरमध्ये राहिला तर स्पीकर किंवा त्याची वायर दोषी आहे. तो दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला तर स्पीकर निर्दोष असून दोष ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्याही अलीकडे आहे. मग वायरी पूर्ववत करून टेपडेकच्या किंवा सीडी प्लेयरच्या डाव्या-उजव्या पिनांची अदलाबदल करा. या वेळी दोष बाजू बदलतो का, यावरून उरलेला प्रश्न सुटतो. दहा मिनिटांची ही तपासणी केल्याशिवाय कोणताही जुना ॲम्प्लिफायर दुरुस्तीला नेऊ नये.

आता स्पीकर. समोरची जाळी काढून वूफरच्या कडेला हलकेच बोट लावून पाहा. कड रबराची किंवा कापडाची असेल तर ती बहुधा अजून शाबूत असते. फोमची असेल तर पंधरा-वीस वर्षांत ती हवेतील दमटपणाने चिकट होऊन भुगा होते, वाजवली नाही तरीही. कड गेली की कोन, म्हणजे पुढे-मागे हलणारा शंकू, मधोमध राहत नाही, त्याला जोडलेली तारेची कॉइल चुंबकाच्या फटीत घासू लागते आणि डग्ग्याचा आवाज फाटतो. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन समान दाबून आत ढकला. खरखरीत घासल्याचा स्पर्श जाणवला तर कॉइल सरकली किंवा जळाली आहे. मल्टिमीटर असल्यास स्पीकरची वायर सोडवून रोध मोजावा. आठ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साधारण सहा-सात आणि चार ओहमचा तीन-साडेतीन दाखवतो. काहीच वाचन आले नाही तर कॉइल तुटलेली आहे किंवा आतला सांधा सुटलेला आहे.

फोमची कड नवी बसवता येते, आणि या सगळ्या खटाटोपात कमी पैशांत सर्वांत जास्त फरक पाडणारे काम कोणते असे विचाराल, तर मी याचेच नाव घेईन. कड मागवताना ‘आठ इंची’ एवढेच सांगून भागत नाही. कोनाचा बाहेरचा व्यास, लोखंडी चौकटीचा आतला व बाहेरचा व्यास आणि कडेच्या वळणाची रुंदी अशी चार मापे मिलिमीटरमध्ये घ्यावीत. बसवणाऱ्याने मधली टोपी काढून कॉइलभोवती कागदाच्या किंवा फिल्मच्या पातळ पट्ट्या घातल्या, कॉइल मधोमध धरली आणि डिंक पूर्ण वाळल्यावरच पट्ट्या काढल्या, तर काम वर्षानुवर्षे टिकते. नाशिकला महात्मा गांधी रस्त्याच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने आहेत आणि तेथे विचारत गेल्यास स्पीकर दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिरापर्यंत पोहोचता येते. कड मिळाली नाही तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे: सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरून पश्चिम रेल्वेच्या लोकलने ग्रँट रोडला जावे, कामे उरकावीत आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत यावे.

येथे एक धोक्याची सूचना. आमचा दुसरा वूफर एका दुरुस्ती करणाऱ्याने ‘त्याच मापाचा नवा टाकून देतो’ असे सांगून बदलला होता आणि तो महिनाभर मला मुळीच पटला नाही. स्पीकरची पेटी किती घनफळाची, तिचे भोक किती मोठे आणि वूफर किती सैल, हे तिन्ही एकमेकांना जुळवून मूळ कारखान्यात ठरवलेले असते. व्यास सारखा म्हणून दुसरा वूफर बसवला तर तो वाजतो, पण खालचे स्वर एकतर फुगतात किंवा गायब होतात. मूळ वूफरची कॉइल जळाली असली, तरी ती नव्याने गुंडाळून घेता येते का हे आधी विचारावे.

पेटी उघडलीच आहे तर आतला क्रॉसओव्हरही, म्हणजे खालचे आणि वरचे स्वर वेगळे करून वूफर व ट्वीटरकडे पाठवणारी जोडणीही, पाहून घ्या. पुष्कळ जुन्या घरगुती स्पीकरमध्ये ट्वीटरच्या वाटेत फक्त एक छोटा कंडेन्सर असतो. तो इलेक्ट्रोलिटिक प्रकारचा असेल तर तीस-पस्तीस वर्षांत त्याची क्षमता ढळलेली असण्याची शक्यता मोठी. त्यावर जेवढे मायक्रोफॅरड लिहिले आहेत तेवढ्याच मूल्याचा पॉलिप्रॉपिलीनचा कंडेन्सर, तेवढ्या किंवा अधिक व्होल्टचा, दोन्ही पेट्यांत एकाच वेळी घालावा. हरवलेली टाळ आणि झांज परत आल्यासारखी वाटते. पेट्या बंद करण्यापूर्वी दीड व्होल्टचा साधा सेल वायरींना क्षणभर टेकवून पाहा: सेलचे धन टोक स्पीकरच्या लाल खुणेला लागताच वूफर बाहेर यावा. दोन्ही स्पीकर एकाच दिशेने हलले पाहिजेत. एक उलटा जोडला गेला असेल तर डग्गा पातळ होतो आणि गायक नेमका कोठे बसला आहे ते कळेनासे होते.

खोलीविषयी मात्र मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण येथे पैसा जवळजवळ लागतच नाही आणि तरीही बहुतेक घरांत सर्वांत मोठा दोष येथेच असतो. फ्लॅटमधली खोली दहा बाय बारा फुटांची असली, तर तिच्या बारा फुटांच्या बाजूला सुमारे ४७ हर्ट्झचा आणि दहा फुटांच्या बाजूला सुमारे ५६ हर्ट्झचा स्वर भिंतींमध्ये अडकून फुगतो. हे गणित साधे आहे: आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागायचे. आमच्या डग्ग्याची एका स्वरावरची गुरगुर हीच होती. स्पीकर कोपऱ्यात सरकवलेले असले की हा फुगवटा आणखी वाढतो. म्हणून स्पीकर कोपऱ्यातून काढा, मागच्या भिंतीपासून निदान दीड-दोन फूट पुढे आणा आणि आपली खुर्ची भिंतीला अगदी टेकवून ठेवू नका. दोन स्पीकरमधील अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून आपल्या कानापर्यंतचे अंतर सारखे ठेवावे, म्हणजे समभुज त्रिकोण होतो. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा. त्यासाठी महागड्या स्टँडची गरज नाही; घर बांधताना उरलेल्या विटांवर कडप्प्याचा तुकडा ठेवला आणि त्यावर पातळ रबर घातले तरी स्पीकर घट्ट बसतो. हे सर्व एका रविवारी, एका वेळी सहा-सहा इंच सरकवत आणि प्रत्येक वेळी तीच तबकडी ऐकत करावे.

मधल्या आणि वरच्या स्वरांचा कर्कशपणा टाइल्स, काच आणि उघड्या भिंतींमुळे येतो. स्पीकर आणि खुर्ची यांच्या मधल्या फरशीवर जाड सतरंजी किंवा गालिचा घाला. मग आपण खुर्चीत बसावे आणि घरातल्या कोणाला तरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगावे. ज्या जागी आरशात आपल्याला स्पीकर दिसतो, तेथूनच त्याचा आवाज परावर्तित होऊन कानावर येतो. त्या जागी पुस्तकांचे कपाट किंवा चुण्या घातलेला जाड पडदा आला, की तंबोरा पुन्हा तंबोऱ्यासारखा वाजू लागतो. पुस्तके एका रेषेत न लावता थोडी मागे-पुढे ठेवलेली अधिक चांगली, कारण आवाज विखुरला जातो. शोकेसची काच, लोखंडी कपाटाचे दार आणि खिडकीची सैल जाळी एकेक करून हाताने दाबून पाहा; खालच्या स्वरांबरोबर येणारा कंप पुष्कळदा स्पीकरचा नसतोच.

आता ॲम्प्लिफायर. आवाजाचे बटण फिरवताना येणारी खरखर आणि मधूनच बंद पडणारी एक बाजू हे दोष बहुतांशी धुळीचे आणि गंजाचे असतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर बटणाच्या आत फवारून ते वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे, आणि टेप-रेडिओ निवडण्याच्या स्विचलाही तसेच करावे. गंज काढण्याचा किंवा बिजागरीला घालायचा तेलकट फवारा येथे चालत नाही, कारण तेलावर पुन्हा धूळ बसते.

सतत येणारी घुरघुर वेगळी. आवाजाचे बटण शून्यावर असतानाही ती येत असेल, तर वीजपुरवठ्याचे मोठे कंडेन्सर वाळले असण्याची शक्यता आहे. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू उडून जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणून ॲम्प्लिफायर बंद कपाटात किंवा सेट-टॉप बॉक्सच्या वर ठेवणे नुकसानीचे. बदलताना तेवढेच मायक्रोफॅरड, तेवढे किंवा थोडे अधिक व्होल्ट आणि १०५ अंशांची प्रत मागावी. हे काम जाणकारावरच सोपवावे, कारण वायर सॉकेटमधून काढल्यानंतरही या कंडेन्सरमध्ये जीवघेणा भार काही काळ टिकून राहू शकतो. अनेक वर्षे बंद असलेला ॲम्प्लिफायर तर थेट २३० व्होल्टला कधीही जोडू नये. कारागिराकडे सिरीज बोर्ड असतो: साध्या तारेच्या बल्बमधून वीज देतात, बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, तसाच उजळत राहिला तर आत शॉर्ट आहे. दुरुस्तीनंतर स्पीकर न जोडता त्यांच्या टर्मिनलवर डीसी व्होल्ट मोजून दाखवायला सांगा. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असल्यास निर्धास्त राहावे. शंभरच्या पुढे असल्यास आपले नुकतेच दुरुस्त केलेले स्पीकर त्याला जोडू नयेत.

घुरघुर फक्त टीव्ही किंवा कॉम्प्युटर जोडल्यावरच येत असेल, तर दोष अर्थिंगच्या वर्तुळाचा, म्हणजे दोन उपकरणे वेगवेगळ्या वाटांनी अर्थला जोडली गेल्याचा, असतो. सर्व उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. टर्नटेबलची (तबकडी वाजवण्याच्या यंत्राची) बारीक अर्थची तार ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला लावली आहे का तेही पाहा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर सिस्टीम भुणभुण करत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे असे समजावे आणि त्या वेळात ती बंद ठेवावी.

स्पीकरच्या वायरीविषयी थोडक्यात सांगतो. घरातल्या फिटिंगसाठी मिळणारी दीड चौरस मिलिमीटरची लवचीक तांब्याची वायर घ्यावी. पाच मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे ०.१२ ओहम भरतो, म्हणजे आठ ओहमच्या स्पीकरपुढे नगण्य. याहून महाग वायरीवर या बजेटमधून पैसे घालवू नयेत. टोके मात्र दर दोन-तीन वर्षांनी कापून ताजी करावीत, कारण तांबे काळे पडते.

यापुढे नवी खरेदी. जुन्या ॲम्प्लिफायरला मोबाइल किंवा कॉम्प्युटर जोडायचा असेल, तर छोटा यूएसबी डॅक, म्हणजे डिजिटल आवाजाचे ॲम्प्लिफायरला चालणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी डबी, घ्यावा. मोबाइलचा आवाज ब्लूटूथने पाठवला तर तो वाटेत पुन्हा एकदा आक्रसला जातो, वायरने तसे होत नाही. डॅकची वायर ‘ऑक्स’, ‘टेप’ किंवा ‘सीडी’ असे लिहिलेल्या जागी लावावी, ‘फोनो’मध्ये कधीही नाही, ती जागा टर्नटेबलची. काही जुन्या सेटना पाच टाचण्यांचे गोल डीन सॉकेट असते. त्यासाठी डीन ते आरसीए अशी तयार वायर मिळते. जुन्या ॲम्प्लिफायरला दोनशे मिलिव्होल्टच्या आसपास सिग्नलची सवय असते आणि सीडी प्लेयर किंवा डॅक दोन व्होल्टपर्यंत देतो. त्यामुळे बटण थोडेसे फिरवताच आवाज अंगावर आला तर घाबरू नये, मोबाइलवरचा आवाज कमी करावा.

तबकड्या ऐकणाऱ्यांनी डॅकच्याही आधी सुई बदलावी. पाचशे ते हजार तास वाजलेली सुई खोबणी खरवडू लागते, आणि वडिलांच्या काळातली एखादी तबकडी आज पुन्हा मिळत नाही. सुईचा भार उत्पादकाने सांगितला आहे तेवढाच ठेवावा. चुंबकीय कार्ट्रिजला (सुई बसते तो भाग) तो बहुधा दीड ते अडीच ग्रॅम असतो. टर्नटेबल भिंतीत ठोकलेल्या फळीवर, पाणसळ लावून ठेवले तर पावलांचा धक्का लागत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणून दिलेले टर्नटेबल असेल तर आधी मागची पट्टी वाचावी. ते ११० व्होल्टचे असेल तर ट्रान्सफॉर्मर लावूनही एक अडचण उरते: तेथील वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० हर्ट्झची असल्यामुळे, विजेच्या आवर्तनावर चालणारी मोटर सहाला पाच या प्रमाणात सावकाश फिरते आणि मिनिटाला तेहतीस-एक-तृतीयांश फेऱ्यांऐवजी सुमारे अठ्ठावीसच फेऱ्या होतात. काही यंत्रांना यासाठी मोटरवरची वेगळी पुली मिळते.

जुना ॲम्प्लिफायर खरोखरच संपला असेल आणि वापरलेला दुसरा घ्यायचा असेल, तर वॅटच्या आकड्यांना भुलू नका. पीएमपीओच्या, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीच्या, हजारो वॅटना काही अर्थ नसतो. आरएमएस, म्हणजे सलग देता येणारे, वॅट विचारावेत. वॅट दुप्पट झाले तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट वॅट लागतात. उलट स्पीकरची संवेदनशीलता (एका वॅटमध्ये मिळणारा आवाज) ८४ ऐवजी ९० डेसिबल असेल तर तेवढाच आवाज चौथ्या हिश्शाच्या वॅटमध्ये मिळतो. दहा बाय बाराच्या खोलीत अशा स्पीकरांना वीस-पंचवीस खरे वॅट पुरून उरतात. वापरलेली वस्तू घेताना आपली तबकडी किंवा मोबाइल घेऊन जावे, अर्धा तास वाजवून पाहावे आणि झाकणाला हात लावून एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापते का ते तपासावे.

माझ्या पंधरा हजारांचा हिशेब असा झाला: स्पीकरच्या कडा, क्रॉसओव्हरचे कंडेन्सर आणि मूळ वूफरची कॉइल यांवर सुमारे पाच हजार, ॲम्प्लिफायरच्या तपासणीला व देखभालीला चार, सतरंजी व पडद्यांना अडीच, डॅकला अडीच, आणि उरलेले हजार वायर, क्लीनर व किरकोळ सामानाला. मजुरी माणसागणिक बदलते, परंतु स्पीकर आणि खोली यांना मिळून निम्मा हिस्सा ठेवावा हे प्रमाण मी पुन्हा करायची वेळ आली तरी बदलणार नाही.

एवढे झाल्यावर नाशिकचा पावसाळा तेवढा सांभाळायचा राहतो. जून ते सप्टेंबर सिस्टीम बंद ठेवून झाकून टाकू नका. आठवड्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास वाजवली की आतल्या उबेने दमटपणा निघून जातो. प्लॅस्टिकच्या आवरणाऐवजी सुती कापड घाला. तबकड्या उभ्याच ठेवा, आडव्या रचू नका, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या मधूनमधून वाळवून घ्या. दसऱ्याला पूजेसाठी सिस्टीम पुसायला काढाल, तेव्हा स्पीकरची जाळी काढून वूफरच्या कडांवर पुन्हा एकदा बोट फिरवून पाहा.